उशाशी बसणाऱ्या बाई

भीमरावचा फोन आला तेव्हा मी अंगणात जास्वंदीची छाटणी करत होतो. भीमराव म्हणजे डॉ. शालिनी पाठक यांच्या औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यातला कंपाउंडर. गडी एरवी मोठ्या आवाजाचा, त्या दिवशी मात्र हळू बोलला. "सर, बाई गेल्या. पहाटं. झोपंतच." अशा वेळी माणूस 'अरेरे' म्हणतो, 'कसं झालं' विचारतो. माझ्या तोंडून निघालं, "शेवटचं कधी खाल्लं होतं?" आणि भीमरावनंही, यात काहीच वावगं नसल्यासारखं, उत्तर दिलं, "रातच्याला पेज घेतली, अर्धी वाटी. मंग गोळी." तो प्रश्न माझा नव्हताच. मी सर्जन, माझा पहिला प्रश्न 'कुठं दुखतंय?' हा. शेवटचं कधी खाल्लं हे विचारतो भूल देणारा डॉक्टर, कारण भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं उलटून श्वासनळीत जायची भीती असते. पाठकबाई भूलतज्ज्ञ होत्या. पुढं थिएटर सोडून त्यांनी साधा सर्दी-खोकल्याचा दवाखाना काढला, पण प्रश्न सुटला नाही. गावभर पसरला, आणि माझ्याही जिभेवर येऊन बसला.

आता महिना उलटून गेलाय, म्हणून लिहायला बसलोय. बाईंवर लिहायचं तर त्यांच्या मोठेपणाची यादी मला करता येणार नाही, आणि केलेली त्यांना खपलीही नसती. मला एकच गोष्ट सांगायची आहे. या बाईंनी सगळं आयुष्य लोकांच्या उशाशी बसून काढलं. शुद्ध हरपायच्या घटकेला माणसाच्या डोक्याशी ओळखीचं कुणीतरी पाहिजे, एवढा एकच धर्म त्या मानत. आणि जन्मभर दुसऱ्यांना 'घाबरू नका, मी आहे' म्हणणाऱ्या या बाईंना स्वतःला मात्र एकाच गोष्टीची भीती होती. त्यांच्या स्वतःच्या उशाशी कोण बसणार?

आमची पिढी पोलीस ॲक्शननंतरची, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यानंतरची. रझाकारांच्या गोष्टी घरात ऐकल्या, पाहिलं काही नाही. मी कन्नडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. बाईंचे वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते आणि राज्य बदललं तरी हिशेब उर्दूतच लिहीत, असं त्या सांगायच्या. आम्ही दोघं शिकून परत आलो तेव्हा हे शहर फार मोठं नव्हतं. औरंगपुऱ्यात मी भाड्याच्या जागेत छोटंसं ऑपरेशन थिएटर थाटलं आणि भूल द्यायला पाठकबाईंना बोलावलं. तेव्हा आजच्यासारखी बोटाला चिमटा लावून आकडे दाखवणारी यंत्रं आमच्याकडं नव्हती. बाई पेशंटच्या उशाशी गोल स्टुलावर बसत. एका हातानं हनुवटी वर उचललेली, दुसऱ्या हाताचं बोट कानाच्या पुढं, जिथं नाडी लागते तिथं टेकवलेलं. नजर ओठांच्या रंगावर. आणि तोंडानं बोलणं चालू. पेशंट झोपला तरी बोलणं चालू. "काय ऐकू येतं हो त्याला?" मी एकदा वैतागून विचारलं. "त्याला नसेल येत. मला येतं ना. बोलणं थांबलं की माझं लक्ष तुमच्या कापाकापीकडं जातं."

माझा स्वभाव तापट. थिएटरमधले सगळे मला दबकून असत, आणि मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. पण तोंडावरच्या मास्कआडून "साळुंके, थांबा" असा आवाज आला की माझा हात जागच्या जागी थांबायचा. त्या 'थांबा'त ना विनंती होती ना हुकूम. नाडीवरच्या बोटाला काहीतरी कळलेलं असायचं, एवढंच. मी पोटात हात घालून उभा असायचो, मला दिसायचं फक्त हातभर पोट. तो माणूस अख्खा फक्त बाईंना दिसत होता. हे मला पटायला वेळ लागला. पण पटल्यावर मी दुसऱ्या कुणाकडून भूल घेतली नाही... म्हणजे माझ्या पेशंटला देऊ दिली नाही.

एक दिवस आम्ही दोघं गुलमंडीवर गेलो होतो. माझ्या पुतणीचं लग्न होतं, साड्या घ्यायच्या होत्या आणि मला त्यातलं काही कळत नाही म्हणून बाईंना ओढून नेलं होतं. दुकानाचे मालक गादीवरून ताडकन उठले, माझ्या पाया पडले, चहा मागवला. त्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन मी केलं होतं आणि ते टेबलावरून जाता जाता परतले होते. परतवलं होतं बाईंनी. मालकांनी बाईंकडं बघितलं आणि अदबीनं विचारलं, "वहिनींना काय दाखवू?" मी कानकोंडा झालो. बाई मात्र मनापासून हसल्या, आणि चांगल्या दोन पैठण्या उलगडायला लावल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मी ज्याच्याशी बोलते त्याला झोपवते, साळुंके. उठल्यावर तो तुम्हाला शोधतो. भुलीची नळी तोंडातून घालते म्हणून या गावातल्या निम्म्या लोकांचे दात मला माहीत आहेत, आणि एकही जण मला ओळखत नाही. मला आता जागी माणसं हवीत." मला वाटलं, चेष्टा. पण बाईंनी थिएटर सोडलं आणि औरंगपुऱ्याच्याच एका बोळात, खाली स्टेशनरीचं दुकान असलेल्या जिन्याच्या वर, दवाखान्याची पाटी लावली.

आम्ही डॉक्टर मंडळी खूप हसलो. 'झोपवणारी आता उठवायला निघाली' असं कुणीतरी म्हणालं, बहुतेक मीच. खरं तर हसायचा अधिकार आमच्यातल्या कुणालाच नव्हता. त्या काळी नुसत्या तज्ज्ञपणावर या गावात पोट भरत नसे, संध्याकाळी सगळेच ताप-खोकला बघत, आणि प्रत्येकजण आपापल्या शिक्षणाच्या खिडकीतूनच बघे. आमचा हाडांचा डॉक्टर मित्र पेशंट जिना कसा चढतो यावरच निम्मं निदान करून मोकळा व्हायचा. त्वचारोगवाले दारातून येणाऱ्याचे हात आधी बघत, तोंड मग. लहान मुलांचे डॉक्टर होते, ते मिशाळ हवालदारालाही "आ कर बघू राजा" म्हणत, आणि हवालदार निमूट आ करायचा. मी स्वतः खोकला घेऊन आलेल्याचंही पोट दाबून बघितल्याशिवाय औषध लिहिलं नाही. हात जे पहिलं शिकतो ते सोडत नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

बाईंची खोड वेगळी. त्यांनी तपासणीचं टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतलं, आणि स्टूल ठेवलं उशाशी. पेशंट आडवा झाला की बाई त्याच्या डोक्यामागं. नाडी मनगटाची नाही, कानापुढची. मग ठरलेले प्रश्न. शेवटचं कधी खाल्लं? दात हलतो का कुठला? जिना चढून आलात, धाप लागली का? उताणं झोपवतं का, की उशा लागतात? घरात कुणाला भूल दिल्यावर त्रास झालेला? डोकं दुखतंय म्हणून आलेली माणसं चक्रावून जायची. "भुलीच्या बाई" हे नाव तेव्हाच पडलं, आणि पोरं बोळात डॉक्टर-डॉक्टर खेळताना एकमेकांच्या कानापुढं बोट लावायला लागली.

पण त्या खिडकीतून जे दिसायचं ते आमच्या कुणाच्या खिडकीतून दिसत नव्हतं. एक रिक्षावाला माझ्याकडं छातीत जळजळ म्हणून यायचा. मी पोट तपासलं, पोट उत्तम होतं. पुढं सर्दीचं निमित्त झालं आणि तो बाईंकडं गेला. बाईंनी उशाशी बसून त्याची आखूड जाड मान बघितली, तोंड उघडायला लावलं, आणि त्याला बाजूला ठेवून त्याच्या बायकोला विचारलं, "हे घोरतात. घोरता घोरता मधेच गप्प होतात का?" बायको म्हणाली, "व्हय बाई. लई येळ गप्प. मंग मी ढोसते, मंग घेतेत श्वास. लगीन झाल्यापासून मी नीट झोपले नाय." त्या बायकोला तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. रिक्षा चालवताना त्याला डुलक्या येत होत्या त्याचं कारण हे होतं. झोपेत श्वासाची वाट बंद होणं, हे बाईंनी थिएटरात रोज बघितलेलं. पुढं मुंबईहून त्याच्यासाठी रात्री नाकाला लावून झोपायचं यंत्र आलं, वजन उतरलं, आणि तो बाईंचा असा भक्त झाला की हर्सूलपासूनचे पेशंट भरून आणायचा. त्यात त्याचा धंदाही होता म्हणा.

याच हर्सूलहून गयाबाई यायच्या. ठसठशीत बाई, बोलायला फटकळ, साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू. एका सकाळी मी बाईंकडं सहज डोकावलो होतो. बाकावर बसलेल्या गयाबाई घामानं डबडबल्या आणि बघता बघता कलंडल्या. पाठकबाई आतून धावत आल्या आणि मी पोटाकडं वाकेपर्यंत त्यांनी फरशीवरच डोक्याशी बसून हनुवटी उचललेली होती. भीमरावनं ग्लुकोज आणलं, शिरेत गेलं, आणि थोड्या वेळानं गयाबाईंनी डोळे उघडले. साखर खाली गेली होती. गोळी घेतलेली, आणि पोटात अन्नाचा कण नाही. "अहो, गोळी घेऊन उपाशी का आलात?" बाईंनी विचारलं. गयाबाई म्हणाल्या, "तुमीच तर इचारता न बाई दरखेपी, कधी खाल्लं, कधी खाल्लं म्हणून. म्हनलं, खाल्लेलं चालत नसंल तुमाला. समदेच उपाशी येतेत की. इचारा." बाईंनी वर बघितलं. बाकावरची सगळी माणसं माना डोलवत होती. एक मुसलमान मावशी, वस्तीची खाला, कौतुकानं म्हणाली, "मैं तो चाय भी नहीं पीती, बाईसाब. आपके पास आना है बोलके."

म्हणजे बाईंचा दवाखाना हा उपाशीपोटी जायचा दवाखाना, हे अख्ख्या वस्तीनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि बाईंना पत्ता नाही. कुणी आडून विचारलंही नव्हतं, डॉक्टरला काय विचारायचं? मला हसू आवरेना. पण बाईंचा चेहरा बघून आवरलं. सगळे गेल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "थिएटर मी सोडलं, साळुंके. पण त्यानं मला सोडलं नाही. किती म्हाताऱ्या माणसांना मी उपाशी जिना चढायला लावलं असेल?" मी म्हटलं, पाटी लावा, 'खाऊन यावे' म्हणून. "पाटी कोण वाचतं? आणि प्रश्न तर मला सुटायचा नाही." दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी, भीमरावच्या खिडकीपाशी, स्टीलचा मोठा डबा आला. डब्यात फुटाणे. मूठभर फुटाणे खाल्ल्याशिवाय भीमराव नंबर देत नसे. दात नसलेल्यांना फुटाण्याचं पीठ, गूळ घालून, साखरवाल्यांना बिनगुळाचं. मग आत गेलं की बाई विचारायच्या, "शेवटचं कधी खाल्लं?" आणि पेशंट ऐटीत सांगायचा, "आत्ताच." माझ्यासारखे फुकटे तर काही दुखत नसतानाही जिन्यापर्यंत जाऊन येत.

बाईंनी लग्न केलं नाही. एक भाचा पुण्यात, सणावाराला येणारा. वय झालं, मी थिएटर माझ्या एका विद्यार्थ्याकडं सोपवलं, बाईंचा दवाखाना चालूच राहिला. मग एक दिवस बाई माझ्या घरी आल्या, दिवाणावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "दाबा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पोट दाखवलं. उजव्या बाजूला गाठ हाताला लागली. आतड्याची. तपासण्या झाल्या, ऑपरेशन करायला हवं हे उघड होतं, माझा विद्यार्थी करायला तयार होता. आणि पाठकबाई नाही म्हणाल्या. वय झालं, राहू द्या, कशाला, अशी कारणं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या पेशंटांना ज्यांनी जन्मभर ओळखलं, त्याच आता भांडं लपवत होत्या. मी चिडलो. मोठ्यानं बोललो. शेवटी त्या शांतपणे म्हणाल्या, "ऑपरेशनला नाही हो मी भीत. तिथं भूल देणारा तो नवा मुलगा हुशार आहे, पण तो समोरच्या यंत्राच्या पडद्याकडं बघतो. त्याची चूक नाही, त्याला तसंच शिकवलंय. पण माझ्याकडं कोण बघणार? ती शेवटची घटका असते ना साळुंके, आवाज लांब जायला लागतो... तेव्हा माणसं माझा हात घट्ट धरायची. मी कुणाचा धरू?"

मी म्हटलं, "मी येतो. शेजारी उभा राहतो."

"उभं नाही राहायचं. बसायचं. आणि शेजारी नाही, डोक्याशी. पोटाकडं बघायचं नाही. जमेल?"

साऱ्या हयातीत मी पोटाच्या उजव्या बाजूला उभा राहिलेला माणूस. पण जमेल म्हणालो. बाईंनी मला रीतसर शिकवलं. स्वतः त्या टेबलावर आडव्या, मी स्टुलावर, आणि त्या माझं बोट धरून आपल्या कानापुढं टेकवायच्या. "दाबू नका. नुसतं ठेवा. तुमचा हात कसायाचा आहे." भीमराव दारात तोंड दाबून हसत होता.

ऑपरेशनच्या दिवशी भूल देणाऱ्या त्या हुशार मुलानं माझ्यासाठी अदबीनं स्टूल सरकवलं. मी बोट ठेवलं. बाईंची नाडी पळत होती, भ्यालेल्या माणसाची पळते तशी. मी विचारलं, "पाठकबाई, शेवटचं कधी खाल्लं?" त्या हसल्या, डोळे मिटूनच. "परवा. मूठभर फुटाणे." आणि माझा दुसरा हात त्यांनी घट्ट धरला. पकड सैल होईपर्यंत मी बोलत राहिलो. सैल झाल्यावरही बोलत राहिलो. गुलमंडीवरच्या पैठण्यांबद्दल, माझ्या जास्वंदीबद्दल, कन्नडच्या घाटाबद्दल, वाटेल ते. मधल्या कापडी आडोशापलीकडं माझा विद्यार्थी माझंच काम करत होता आणि इकडं मला पहिल्यांदा कळलं की माझ्या इतक्या वर्षांच्या ऑपरेशनांत या बाजूला बसणं काय असतं. इथून पोट दिसत नाही. इथून फक्त माणूस दिसतो, आणि तो फार लहान दिसतो. मला रडू आलं. थिएटरमध्ये मी त्याआधी कधी रडलो नव्हतो.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा मी तिथंच होतो. पहिलं वाक्य आलं, "बघितलं ना तिकडं?"

"नाही."

"खोटं."

"एकदा."

त्यानंतर बाई वर्षाच्या वर जगल्या, बहुतेक दिवस दवाखान्यात. गाठ पुन्हा उठली तेव्हा आता नको असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, आणि या खेपेला त्यात भीती नव्हती. अखेरच्या दिवसांत त्या मला उशाशीच बसवून घेत. शेवटच्या पहाटे मी तिथं नव्हतो. भीमराव होता, आणि तो सांगतो की त्याचं बोट बाईंच्या कानापुढंच ठेवलेलं होतं. त्यालाही शिकवलं होतं त्यांनी, मला न सांगता.

दवाखाना घ्यायला एक नवी डॉक्टर मुलगी येणार आहे. त्वचारोगाची आहे, म्हणजे आता बोळातली पोरं एकमेकांचे हात तपासतील. ती येईपर्यंत सकाळचं थोडं बसा, असं भीमराव म्हणाला म्हणून गेल्या आठवड्यात गेलो. पहिलाच नंबर गयाबाईंचा होता. त्या टेबलावर आडव्या झाल्या, आणि माझे पाय आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला जाऊन थांबले. गयाबाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "इकडं नाय साहेब," त्या म्हणाल्या, "तिकडं बसा. उशाला."

मी वळसा घालून गेलो. स्टूल बाईंच्या उंचीचं, माझे गुडघे टेबलाला लागत होते. गयाबाईंच्या कानापुढं बोट ठेवलं, न दाबता, आणि विचारलं. त्या डोळे मिटून घेत म्हणाल्या, "आत्ताच की. खाली, मूठभर."